बांधाची माती

एका गावाच्या डोक्यावर तळं होतं. त्याचा मातीचा बांध चांगला रुंद, आणि तळ्याच्या पाझरावर साऱ्या मळ्यांच्या विहिरी भरायच्या. टेकाडावर चार मोठे वाडे होते, आणि बांधाच्या अगदी पायथ्याशी मजुरांची खालची आळी.

बांधाची माती चिकण, विटांना फार चांगली. वाडेकऱ्यांनी तीन पिढ्या ती गाड्या भरभरून नेली, भट्ट्या लावल्या, विटा विकल्या, वाड्यांवर मजले चढवले. मातीला पैसा पडत नव्हता. "एवढ्या मोठ्या बांधातून एक गाडी नेली तर काय बिघडतंय?" असं जो तो म्हणायचा. पुढं खालच्या आळीतल्या पोरांच्या हातीही चार पैसे आले. कुडाची घरं मोडून ती विटांची बांधू लागली आणि त्यांच्याही गाड्या बांधाला लागल्या.

गावचा म्हातारा पाटकरी दर पाडव्याला बांधाचा माथा पावलांनी मोजायचा. त्याच्या बापाच्या वेळी बारा पावलं भरायची, आता सातच भरली. खालच्या अंगाला एका जागी माती ओली दिसली. त्यानं मूठभर उचलून दाबली, तर बोटांमधून पाणी निथळलं. ती मूठ तशीच धरून तो चावडीवर आला.

"बांध पाझरायला लागलाय. आत्ता दहा गाड्या दगडात काम भागेल," तो म्हणाला.

थोरल्या वाड्याचे मालक म्हणाले, "आबा, एवढी घाई कशाला? आपली नातवंडं आपल्यापेक्षा श्रीमंत होतील. ती बांधतील की."

"मालक, नातवंडं श्रीमंत होणार ती याच तळ्याच्या पाण्यावर ना?"

मग भांडण जुंपलं. खालच्या आळीतला एक तरुण म्हणाला, "तुमचे वाडे उभे राहिले. आता आमच्या घराची पाळी आली, तर माती बंद?" वाडेकरी म्हणाले, "आज बांधाला गाड्या तुमच्याच जास्त दिसतात." दोघांचंही खरं होतं, म्हणून कुणीच माघार घेईना. दोन पावसाळे असेच गेले.

तिसऱ्या पावसाळ्यात मध्यरात्री बांधाचा एक लचका सुटला. खालच्या आळीत कमरेएवढं पाणी शिरलं. जिनं उभ्या जन्मात बांधाची पाटीभर माती उचलली नव्हती, त्या म्हातारीची जोंधळ्याची कणगी वाहून गेली. तळं निम्म्यावर आलं, तशा वाड्यांच्या विहिरीही आटल्या. दहा गाड्यांचं काम आता चाळीस गाड्यांवर गेलं होतं.

या खेपेला चावडीवर सगळे आले. आबांनी तीन गोष्टी मांडल्या. "आजपासून बांधाच्या मातीला गाडीमागे दर. तो दरसाल थोडा वाढेल, आणि किती वाढेल ते आजच सांगायचं, म्हणजे भट्टीवाल्याला दुसरी वाट शोधायला सवड मिळेल. दुसरं, दगडाचा खर्च सगळ्यांनी उचलायचा, पण ज्यानं तीन पिढ्या नेलं त्याचा वाटा मोठा. तिसरं, जमलेल्या पैशातून आधी म्हातारीचं घर."

थोरल्या मालकांनी बराच वेळ खाली पाहिलं. मग म्हणाले, "आबा, आमच्या वाड्याचा वाटा आधी लिहा."

दर लागला, तसा एका भट्टीवाल्यानं उन्हाळ्यात तळ्याच्या तळचा गाळ उपसून पाहिला. विटा तितक्याच पक्क्या निघाल्या, आणि तळंही खोल झालं. गाळ आधीही तिथंच होता. बांधाची माती फुकट होती तोवर त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. म्हातारीचं घर त्याच विटांचं उभं राहिलं. पुढच्या पाडव्याला आबांनी बांध मोजला. सात पावलांवरून तो सहावर आला नव्हता.

आपल्या सगळ्यांचं तळं म्हणजे ही हवा. उद्योगयुगाआधी तिच्यात दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्येच हिशेब मांडला होता: वेळेवर डागडुजी केली, म्हणजे हा वायू सोडणं आवरलं, तर जगाच्या वार्षिक उत्पन्नाचा सुमारे १ टक्का खर्च, नाही केली तर हवामान बिघडून दरवर्षी निदान ५ टक्क्यांचं नुकसान. जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हे १९९२ च्या रिओ हवामान करारात देशांनी मान्य केलं. तरी गरीब देशांसाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचा श्रीमंत देशांनी २००९ मध्ये दिलेला शब्द पुरा व्हायला २०२२ साल उजाडलं. तोवर कितीतरी कणग्या वाहून गेल्या. गाडीमागे दर लावणंही जमण्यासारखं आहे. फिनलंडनं १९९० मध्ये आणि स्वीडननं १९९१ मध्ये कार्बनवर कर बसवला. स्वीडनचा धूर कमी झाला, कमाई मात्र वाढत राहिली.

बोध: फुकट उचललेल्या मातीची किंमत कुणीतरी भरतंच. ती उचलणाऱ्यानं भरावी, ज्यानं जास्त उचलली त्यानं जास्त भरावी, आणि बांध ओला दिसला त्याच दिवशी भरावी.