विद्येचा अधिकार आणि वयाची अट

विद्या ही आयुष्याच्या ठरावीक टप्प्यावर घ्यावयाची गोष्ट आहे, की जिला तिची आस आहे आणि ती पेलण्याची ताकद आहे अशा व्यक्तीने कोणत्याही वयात मागावी अशी गोष्ट आहे, हा प्रश्न भारतीय धर्मचिंतनात फार जुना आहे. अलीकडच्या काळात मात्र तो कायद्याच्या पदवीच्या प्रवेशाच्या निमित्ताने थेट न्यायालयांसमोर येऊन उभा राहिला. वकिलीच्या व्यवसायाचे व त्याच्या शिक्षणाचे नियमन १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली जी संस्था करते, त्या भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजे रूढ भाषेतील बार कौन्सिलने, २००८ च्या विधी शिक्षण नियमांत तिसऱ्या अनुसूचीच्या कलम २८ द्वारे वयाची कमाल मर्यादा घातली. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सर्वसाधारण प्रवर्गाला २० वर्षे व अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांना २२ वर्षे, तर पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी अनुक्रमे ३० व ३५ वर्षे, अशी ती मर्यादा होती. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने ती २०११ मध्ये अवैध ठरवली, २०१३ मध्ये परिषदेने स्वतःच ती मागे घेतली, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये ती पुन्हा लागू केली, आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. एकच नियम नऊ वर्षांत जन्मला, मेला, पुन्हा उठला आणि पुन्हा आडवा झाला. त्यामागे केवळ प्रशासकीय धरसोड नव्हती. वय हे पात्रतेचे अंग आहे की नाही, याविषयी नियमकर्त्यांच्याच मनात ठाम उत्तर नव्हते, असे दिसते.

स्थगितीनंतर वयाची अडचण उरली नाही. महाराष्ट्रात २०१६ पासून विधी अभ्यासक्रमांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, घेतली जाते आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी खुल्या प्रवर्गातील पदवीधराला ४५ टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या पदवीधराला ४० टक्के गुण पुरेसे असतात. ते गुण १९८४ च्या गुणपत्रिकेवरचे आहेत की गेल्या वर्षीच्या, हे अर्ज विचारत नाही.

डोंबिवलीसारख्या शहरात या मोकळिकीला विशेष अर्थ आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४८ किलोमीटरवर असलेले हे शहर वाढले ते चाकरमान्यांच्या बळावर. बँक, विमा, रेल्वे, मंत्रालय अशा ठिकाणी तीस-पस्तीस वर्षे लोकलने ये-जा केलेला माणूस राज्य सरकारच्या सेवेतून ५८ व्या आणि केंद्राच्या सेवेतून ६० व्या वर्षी निवृत्त होतो, तेव्हा त्याच्याजवळ पदवी असते, प्रकृती बहुधा धड असते आणि सकाळच्या फास्ट लोकलला पर्याय म्हणून नुसता फडके रोडवरचा फेरफटका पुरत नाही. शिवाय कायदा त्याच्या दारात येऊन बसलेला असतो. सोसायटीचा पुनर्विकास असतो, वडिलोपार्जित घराचे वारस असतात, करावयाचे मृत्युपत्र असते. विकासकाने जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून देण्यास टाळाटाळ केली, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून ती मिळवण्याची जी प्रक्रिया आहे व जिला मानीव अभिहस्तांतरण असे जिभेची परीक्षा घेणारे नाव आहे, तीही कुठे तरी अडलेली असते. बनावट कागदपत्रांवर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे डोंबिवलीतील प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कागद वाचता येणे म्हणजे काय, हे शहराला पुरते कळले. अशा माणसाने ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाच्या विधी महाविद्यालयात किंवा चर्चगेटच्या १८५५ पासूनच्या शासकीय विधी महाविद्यालयात अर्ज भरावा, यात नवल नाही. त्याने तो भरावा का, हा मात्र तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार परंपरेने केलेला आहे.

परंपरेची पहिली साक्ष वयोमर्यादेच्या बाजूने जाते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात उपनयनाचा, म्हणजे गुरूकडे वेदाध्ययनासाठी जाण्याच्या संस्काराचा, काळ गर्भापासून मोजून ब्राह्मणाला आठवे, क्षत्रियाला अकरावे आणि वैश्याला बारावे वर्ष असा सांगितला आहे आणि त्याची अखेरची मुदत अनुक्रमे १६, २२ आणि २४ वर्षे ठेवली आहे. मुदत उलटूनही ज्याचा संस्कार झाला नाही तो व्रात्य, म्हणजे अध्ययनाच्या व व्यवहाराच्या वर्तुळाबाहेर पडलेला. वर्गवारीनुसार पायऱ्यापायऱ्यांनी वाढणारी ही मुदत आणि कलम २८ यांची ठेवण इतकी मिळतीजुळती आहे, की परिषदेच्या नियमकर्त्यांनी मनूचा धडा गिरवला असे कोणी गमतीने म्हणू शकेल. सवलतीची दिशा तेवढी उलटी आहे. पण दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. धर्मशास्त्राने व्रात्यासाठी परतीची वाट ठेवली होती. व्रात्यस्तोम नावाचा विधी केल्यावर त्याला अध्ययनाचे दार पुन्हा उघडत असे. कलम २८ मध्ये तिशी ओलांडलेल्या माणसासाठी असा कोणताही स्तोम नव्हता. अर्थात या तुलनेने प्राचीन व्यवस्थेचा गौरव होत नाही, कारण तिने वयापेक्षा कितीतरी कठोर अटी जन्माच्या व स्त्रीत्वाच्या नावाने घातल्या होत्या आणि त्यांच्यासाठी परतीचा विधीही नव्हता.

दुसरी साक्ष आश्रमव्यवस्थेची. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ आणि संन्यास या चार अवस्था एकीमागून एक याव्यात, या मताला समुच्चयपक्ष म्हणतात, आणि शिकण्याचे वय पहिल्या अवस्थेतच संपते ही सर्वसाधारण समजूत त्यातूनच आली आहे. परंतु गौतमाच्या धर्मसूत्रासारख्या जुन्या ग्रंथांत विकल्पपक्षही नोंदलेला आहे; त्यानुसार आश्रम हे चार मार्ग आहेत आणि अध्ययन संपवलेल्याने त्यांपैकी कोणताही निवडावा. आयुष्यभर विद्यार्थीच राहणाऱ्या नैष्ठिक ब्रह्मचाऱ्याला तर मनूनेही मान्यता दिली. वानप्रस्थाविषयी तोच मनू सांगतो, की अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि मांडीवर नातवंड दिसले की गृहस्थाने वनाची वाट धरावी. पण तेथेही त्याने नित्य स्वाध्याय ठेवावा असे लगेच जोडतो. स्वाध्याय म्हणजे शिकलेल्याची उजळणी, नवा प्रवेश नव्हे, हे खरे. तैत्तिरीय ब्राह्मणातील भरद्वाज ऋषीची कथा मात्र ही पळवाटही बंद करते. तीन आयुष्ये वेदाध्ययनात घालवून जराजर्जर झालेल्या भरद्वाजाला इंद्र विचारतो, की चौथे आयुष्य दिले तर काय करशील, आणि तो सांगतो, पुन्हा अध्ययनच. इंद्र त्याला तीन पर्वत दाखवून प्रत्येकातून मूठभर माती उचलतो. तीन आयुष्यांत मिळवले ते एवढे, उरले ते अनंत. या कथेत भरद्वाजाला कोणी वय विचारलेले नाही.

या विषयावर लिहिणाऱ्याला भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचा उल्लेख टाळता येत नाही. १८८० मध्ये जन्मलेले काणे आधी शाळाशिक्षक होते आणि १९११ मध्ये, म्हणजे तिशी ओलांडल्यावर, त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड १९३० मध्ये, पन्नाशीत, प्रसिद्ध झाला आणि शेवटचा १९६२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी. व्रात्यांच्या मुदतीची चिकित्सा करणारा पंडित स्वतः अशा मुदतींना कधी जुमानत नव्हता.

खरा निर्णायक विचार मीमांसकांनी केला आहे. पूर्वमीमांसा, म्हणजे वैदिक वाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र, एखादे कर्म कोणी करावे याचे उत्तर अधिकार या संकल्पनेने देते. येथे अधिकार म्हणजे सत्ता नव्हे, तर पात्रता. जो अर्थी आहे, म्हणजे ज्याला फळाची इच्छा आहे. जो समर्थ आहे, म्हणजे जो ते कर्म पार पाडू शकतो. जो विद्वान आहे, म्हणजे ज्याला त्यासाठी लागणारे पूर्वज्ञान आहे. आणि ज्याला शास्त्राने वगळलेले नाही, तो अधिकारी. वय या चारांत स्वतंत्रपणे कोठेच येत नाही. ते आले तर सामर्थ्याच्या पोटात येईल, किंवा शास्त्राने घातलेल्या वर्जनाच्या, म्हणजे पर्युदासाच्या, रूपाने येईल. कलम २८ हा असा पर्युदास होता. सामर्थ्य तपासायला सीईटी आहे, सत्र परीक्षा आहेत आणि सनद मिळाल्यावर अखिल भारतीय बार परीक्षाही आहे. वृद्धाची स्मृती अधू झाली असेल, तर या तीन चाळण्यांत तो आपोआप गळेल. त्याआधी जन्मतारखेची चौथी चाळणी लावणे म्हणजे परीक्षेवर अविश्वास दाखवणे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न प्रवेशाच्या नव्हे, तर सनदेच्या संदर्भात १९९५ मध्येच सोडवला होता. बार कौन्सिलने ४५ वर्षांवरील व्यक्तीला वकील म्हणून नोंदणी नाकारणारा नियम केला होता. निवृत्त अधिकारी जुन्या पदाचे वजन वापरून व्यवसायाचे पावित्र्य बिघडवतात, अशी त्यामागची भीती होती. भीती अगदीच निराधार नव्हती, हे तालुक्याच्या न्यायालयात वावरलेला कोणीही मान्य करील. पण न्यायालयाने तो नियम मनमानी व भेदभाव करणारा म्हणून रद्द केला, कारण तरुणपणी सनद घेऊन नोकरीत गेलेला माणूस पंचेचाळिशीनंतर निर्वेध परत येऊ शकत होता आणि तेवढ्याच वयाचा नवखा मात्र येऊ शकत नव्हता. दोष पदाच्या गैरवापरात असेल तर बंदी गैरवापरावर हवी. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४ मध्ये किमान वय २१ असे आहे. कमाल वय संसदेने लिहिलेले नाही.

उरतो तो जागेचा आक्षेप, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. शासकीय महाविद्यालयातील जागा मोजक्या असतात. साठीच्या माणसाने एक घेतली तर पुढे चाळीस वर्षे वकिली करू शकणारा एक तरुण बाहेर राहतो. या युक्तिवादात करुणा आहे, पण त्याची गृहीते तपासली तर तो डळमळतो. पदवी ही सेवेची हमी घेऊन दिली जात नाही, आणि पदवी घेऊन कधीही न्यायालयाची पायरी न चढणाऱ्या तेविशीच्या तरुणाकडून कोणी जागेची भरपाई मागत नाही. शिवाय गुणवत्ता यादीत वृद्ध वर असेल, तर त्याला बाजूला सारून दिलेली जागा गुणांची नव्हे, वयाची ठरते. जागा कमी असतील तर त्या वाढवाव्यात.

वर्गात मात्र एक अडचण खरोखर उद्भवते, आणि तिचे चित्र मराठी परंपरेने फार नेमके काढून ठेवले आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या योगी चांगदेवाने ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले आणि मायन्यापाशीच तो अडला, असे परंपरा सांगते. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने ते थोर. तीर्थरूप लिहावे, तर वयाने ते पोर. शेवटी त्याने कोराच कागद पाठवला आणि त्याला उत्तर म्हणून ६५ ओव्यांची चांगदेव पासष्टी आली. पुढे त्याने गुरू केले ते विशीही न गाठलेल्या मुक्ताबाईला, जिला वयाने, लिंगाने आणि संन्याशाची मुलगी म्हणून शास्त्राने कोणताच अधिकार दिलेला नव्हता. मनुस्मृतीतही अंगिरसाच्या लहानग्या मुलाने चुलत्यांना शिकवताना पुत्रांनो अशी हाक मारली, ते चिडून देवांकडे गेले आणि देवांनी मुलाचेच म्हणणे उचलून धरले, अशी कथा आहे. आज विधी महाविद्यालयात तिशीतल्या प्राध्यापिका साठीच्या विद्यार्थ्याला काका म्हणतात आणि तो त्यांना मॅडम म्हणतो. चांगदेवाला न सुटलेला मायना अशा रीतीने, काहीसा गमतीदार का होईना, सुटलेला दिसतो. शिकण्यासाठी ज्येष्ठाने सोडावे लागते ते एवढेच, पण ते सोडणे सोपे नाही, आणि ज्याला ते जमत नाही त्याच्या बाबतीत सामर्थ्याची मीमांसकी अट खरोखरच अपुरी पडली असे म्हणावे लागेल.

या सर्व चर्चेत एक वयोगट निसटून जातो. त्याच २००८ च्या नियमांनुसार विधी महाविद्यालयाचे वर्ग सकाळी आठ ते सायंकाळी सात या वेळेतच घ्यावयाचे असतात, आठवड्याला किमान ३० तास अध्यापन हवे आणि परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. हजेरीपट प्रत्यक्षात कसे भरतात, हा वेगळा विषय. डोंबिवलीहून सकाळी आठच्या सुमारास निघून रात्री आठला परतणाऱ्या चाळिशीतल्या कारकुनासाठी हा नियम नेमका त्याच्या नोकरीच्या तासांवर बसतो. म्हणजे साठीच्या निवृत्ताला दार उघडले आहे आणि पंचविशीच्या पदवीधराला ते कधी बंदच नव्हते; मधली तीस-पस्तीस वर्षे, जेव्हा अर्थित्व आणि सामर्थ्य दोन्ही ऐन भरात असतात, तेव्हाच माणूस बाहेर राहतो. वयाची अट स्थगित झाली तरी तिचे काम वेळापत्रक करीत आहे. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा ते मुद्दाम सकाळच्या वेळी भरवले, कारण त्याचे विद्यार्थी दिवसा नोकरी करणारे होते. विधिज्ञ परिषदेने अध्यापनाचे तास आणि हजेरी यांत काडीचीही सूट न देता, केवळ घड्याळाची ही चौकट सकाळी लवकर आणि रात्री उशिरापर्यंत सैल करावी. तेवढ्यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही, परिषदेची एक अधिसूचना पुरेशी आहे.