पाहिजे आणि पुरे

आषाढातली संध्याकाळ होती. जांबोटीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते सांगून पटायचे नाही. वीज दुपारपासूनच गेली होती. अशा वेळी माझा एक जुना विद्यार्थी, आता चाळिशी ओलांडलेला, आपल्या मुलीला घेऊन घरी आला. मुलगीही आमच्याच शाळेतून दहावी झालेली. आता ती बेळगावला पी.यू.ला जाते.

"सर, हिच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड पाहिजे म्हणते. पाच हजार आहेत. उन्हाळ्यात काजू गोळा करून तिनंच जमवलेत. घेऊ की नको, तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "अरे, बारा-तेरा वर्षांचा कॉम्प्युटर तो! पडक्या भिंतीला नवा रंग कशाला? पैसे पुढच्या फीला ठेव."

"बरं सर," तो म्हणाला. मुलगी काहीच बोलली नाही. चहा घेऊन दोघे गेली.

गावात मुख्याध्यापकाच्या शब्दाला अजून थोडे वजन आहे. ते वजन सुखावणारे असते आणि म्हणूनच घातक असते. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी चुकीचा सल्ला दिला, असे तेव्हा वाटत नव्हते. बोचत होती ती दुसरीच गोष्ट. मी मुलीला एकही प्रश्न विचारला नव्हता. पैसे तिचे, कॉम्प्युटर तिचा, काम तिचे. आणि निकाल मात्र माझा!

दुसऱ्याची गरज खरी की खोटी, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोण देते? आणि समजा तो वडीलकीने आपल्याकडे आलाच, तर तो वापरायचा कसा? प्रश्न साधा दिसतो, पण आपल्या भाषेतच त्याची गोम आहे. मराठीत आपण 'पाहिजे' म्हणतो. तहानेल्याला पाणी पाहिजे असते आणि हौशी माणसाला तिसरे घड्याळही पाहिजेच असते. शब्द एकच. आपल्या शेजारच्या कानडीत 'बेकु'. तोही तसाच, गरज आणि इच्छा एकाच मुठीत धरणारा. सीमाभागातली आपली मुले दोन भाषा बोलतात, पण या बाबतीत दोन्ही भाषा त्यांना सारख्याच संदिग्ध ठेवतात. मूल 'पाहिजे' म्हणते तेव्हा ते काय म्हणते आहे, हे शब्दावरून कळत नाही. विचारावे लागते.

म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो.

कॉम्प्युटर मुलीच्या गोव्यातल्या मामाने जुना घेऊन दिलेला. एखाद्या कचेरीत आठ-दहा वर्षे राबून निवृत्त झालेली ती बारीक चणीची पेटी. आत तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. मी विचारले, "मंद चालतो का?" कारण बहुतेकांची तक्रार तीच असते, आणि त्या तक्रारीवर ग्राफिक्स कार्ड हे औषधच नव्हे. कॉम्प्युटर उघडायला वेळ लागत असेल तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. एकाच वेळी चार कामे उघडल्यावर अडखळत असेल तर रॅम वाढवावी. ग्राफिक्स कार्ड हा पडद्यावरचे चित्र काढणारा स्वतंत्र कारागीर. चित्रच अडत नसेल तर तो रिकामा बसून राहतो.

"मंद नाही सर," ती म्हणाली. "उघडतच नाही."

उघडत नव्हते ते ब्लेंडर. त्रिमिती चित्रे आणि चलचित्रे करण्याचा हा कार्यक्रम. २००२ साली तो बंद पडायच्या बेतात होता. तेव्हा जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो उभे केले आणि तो सर्वांसाठी मोकळा केला. तेव्हापासून तो फुकट मिळतो. २०२५ साली ऑस्कर मिळालेला 'फ्लो' हा लॅटव्हियाचा चित्रपट याच ब्लेंडरवर तयार झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची ४.० ही आवृत्ती आली आणि तिने ओपनजीएल ४.३ ही किमान अट घातली. तिसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधली चित्रव्यवस्था विंडोजवर ४.० पर्यंतच पोहोचते. म्हणजे वेगाचा प्रश्नच नव्हता. दारावरच्या कुलपाला किल्ली बसत नव्हती.

मी मास्तरकीने म्हणालो, "मग जुनी आवृत्ती वापर की. ३.६."

"वर्षभर तीच वापरते आहे, सर." तिने मला तिची कामे दाखवली. त्यात चोर्ल्याचा घाट होता, पावसात निथळणारे कौलारू घर होते. पण आता शिकवणीचे धडे नव्या आवृत्तीवरचे; नव्या आवृत्तीत केलेली फाईल जुन्या आवृत्तीत जशीच्या तशी उतरेल याचा भरवसा नाही.

त्या क्षणी मला माझी चूक नेमकी कळली. मी समजत होतो की मुलगी जुन्याला कंटाळून नवे मागते आहे. वस्तुतः तिने जुन्यातून जेवढे निघण्यासारखे होते तेवढे काढून झाले होते. फुकटचा उपाय मी सुचवण्यापूर्वी वर्षभर तिने तो वापरला होता. काटकसरीचा उपदेश मी तिला करत होतो आणि काटकसर तीच जगत होती!

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याने माणसाच्या इच्छांचे तीन वर्ग केले: स्वाभाविक आणि आवश्यक, स्वाभाविक पण अनावश्यक, आणि दोन्ही नसलेल्या. एम.ए.ला असताना ही वर्गवारी मला फार आवडली होती. विद्यार्थ्यांनाही मी ती अनेकदा सांगितली. पण जांबोटीच्या त्या मुलीचे ग्राफिक्स कार्ड कोणत्या खणात ठेवायचे? अन्नपाण्यासारखे ते आवश्यक नाही. निव्वळ मिरवण्यासाठीही नाही. मला वाटते, गरज ही वस्तूत नसतेच. तेच कार्ड एका घरी गरज असते आणि दुसऱ्या घरी चैन. फरक इतकाच की, हातातल्या साधनाचा पूर्ण कस काढल्यावर जिथे काम अडते तिथे गरज सुरू होते. म्हणून 'हे कशाला पाहिजे?' असे दरडावून विचारण्यापेक्षा 'कुठे अडले आहे?' असे विचारणे अधिक न्यायाचे. पहिल्या प्रश्नात आरोप असतो. दुसऱ्यात सोबत असते.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे बेळगावला गेलो. दुकानदार कानडी बोलणारा, वयाने तरुण. त्याने किंमत सांगण्याआधी विचारले, "यातक्क बेकु?" कशासाठी पाहिजे? जो प्रश्न मुख्याध्यापकाला सुचला नाही तो दुकानदाराला सुचला. मुलीने सांगितले. मग त्याने जे समजावले ते मला नीतिशास्त्राच्या तासासारखे वाटले.

पहिली गोष्ट, पेटी बारीक, म्हणून कार्ड अर्ध्या उंचीचे हवे. दुसरी गोष्ट विजेची. मदरबोर्डावरची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते आणि कचेरीतल्या छोट्या कॉम्प्युटरांत ही मर्यादा त्याहूनही खाली असू शकते. जास्त खाणारे कार्ड बसवले तर पॉवर सप्लायही बदलावा लागतो आणि स्वस्त वस्तू महाग होते. तिसरी गोष्ट, जुना पडदा निळ्या व्हीजीए खाचेचा, नव्या कार्डाला ती खाच नाही; तेव्हा कन्व्हर्टरचे पैसे आधीच हिशेबात धरावेत.

तिच्या वडिलांनी काचेतल्या एका नव्या कार्डाकडे बोट दाखवले. आरएक्स ६४००, २०२२ सालचे. दुकानदाराने मान हलवली. ते कार्ड मदरबोर्डाशी चारच वाटांनी बोलते. नव्या मदरबोर्डावर त्या वाटा रुंद असतात, जुन्यावर निम्म्या. पैसे पूर्ण मोजायचे आणि ताकद अडवून धरायची. हे मात्र माझ्या विद्यार्थ्याला लगेच कळले. "म्हणजे एका जुवाला एक खोंड आणि एक म्हातारा बैल," तो म्हणाला. अगदी तसेच. चांगली वस्तू म्हणजे सर्वांत तगडी वस्तू नव्हे. जोडीदाराला पेलेल ती.

शेवटी ठरले ते जीटी १०३०. मे २०१७ मध्ये बाजारात आलेले साधे कार्ड. सुमारे ३० वॅटमध्ये भागते, वेगळी तार लागत नाही. पण तिथेही एक खड्डा आहे. २०१८ साली याच नावाने दुसरे कार्ड निघाले. पहिल्यात जीडीडीआर-फाइव्ह स्मृती, दुसऱ्यात साधी डीडीआर-फोर. स्मृतीतून माहिती वाहण्याचा वेग दुसऱ्यात पहिल्याच्या जेमतेम एक-तृतीयांश. खोक्यावर नाव मात्र तेच. बारीक अक्षर न वाचणारा गिऱ्हाईक, म्हणजे बहुधा ज्याच्याजवळ पैसे सर्वांत कमी तोच, फसतो. यात खोटे कोणी बोलत नाही, हेच त्यातले दुःख आहे. फक्त खरे पुरेशा मोठ्या अक्षरात सांगितले जात नाही. दुकानदाराने दोन्ही खोकी शेजारी ठेवून मुलीकडून ते अक्षर वाचून घेतले आणि वापरलेले, तपासलेले, पहिल्या प्रकारचे कार्ड अडीच हजारांत दिले. कन्व्हर्टर धरूनही निम्म्याच्या आसपास रक्कम उरली. "इष्टु साकु," तो म्हणाला. एवढे पुरे.

इथे कोणी आक्षेप घेईल आणि तो मला मान्यच आहे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही. मुलीला आता लिनक्स शिकावे लागणार. या कार्डालाही कंपनीने ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या देऊ केल्या आहेत. मग मावळत्या वस्तूवर पैसे का घालायचे?

काकासाहेब कालेलकरांनी सांगितलेली एक आठवण इथे सांगावीशी वाटते. १९१५ च्या मुंबई काँग्रेसच्या वेळी गांधीजी एक बोटभर पेन्सिल शोधत होते. काकासाहेबांनी आपली पेन्सिल पुढे केली, पण ती त्यांना नको होती. ती छोटी पेन्सिल मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेली होती. ती सापडेपर्यंत शोध थांबला नाही. आपण ही गोष्ट काटकसरीची म्हणून सांगतो. मला ती कृतज्ञतेची वाटते. पेन्सिल झिजली होती, पण लिहीत होती. आणि देणाऱ्याचा हात तिच्यावर होता. मामाने घेऊन दिलेला तो कॉम्प्युटरही अजून लिहितो आहे. तीन वर्षांनी तो थांबेल, कदाचित आधीच. पण तोपर्यंत मुलीच्या हातात जी विद्या येईल ती जुनी होणार नाही.

एक कबुली राहिली. त्या दिवशी परत येताना एसटीत मी मुलीला म्हणालो, "त्या दिवशी मी न विचारताच बोललो. माझं चुकलं." तीस वर्षे मुलांकडून चुका कबूल करून घेतल्या, स्वतः करताना जीभ जड झाली. ती संकोचून म्हणाली, "असू दे हो सर. आणि सर… त्याच्यावर एक गेमपण खेळणार आहे मी."

तिचे वडील माझ्याकडे पाहू लागले. निकाल पुन्हा माझ्याकडे आला होता. मी खिडकीबाहेर पाहिले. हौसेलाही घरात एक कोपरा असावा. गरजेने सगळे घर व्यापले तर माणूस राहायचा कुठे? मी काहीच बोललो नाही, आणि मला वाटते, त्या महिन्यातला माझा तोच सर्वांत शहाणा सल्ला होता.

परवा ती भेटली. ब्लेंडर उघडते. "पुरतं ना गं?" मी विचारले.

"आत्तापुरतं पुरे, सर," ती म्हणाली.

'पुरे' या शब्दाचा याहून नेमका अर्थ मला सांगता येणार नाही.