चांगुणेचं उखळ

श्रावणात शिंदखेड्याकडच्या घरांतून शिवलीलामृताची पोथी वाचली जाते. श्रीधरांनी 1718 साली रचलेल्या या ग्रंथात श्रियाळ-चांगुणेची कथा आहे. अतिथीच्या रूपात आलेला शिव त्यांच्या पोटच्या पोराचं, चिलयाचं मांस मागतो. आई चांगुणा त्याचं शिर तेवढं लपवून ठेवते, तर अतिथी तेही उखळात कांडायला सांगतो, डोळ्यांतून टिपूस न काढता. एवढं भीषण ऐकणारा श्रोता आजच्या काळ्या कथेला मात्र ‘विकृत’ म्हणून बाजूला सारतो. म्हणजे आपली सहनशक्ती क्रौर्याच्या मापावर ठरत नाही. दुःखाला कथेत किती जागा मिळाली, यावर ठरते.

कुणी म्हणेल, शेवटी चिलया जिवंत होऊन धावत येतो, म्हणून ती कथा सोसते. पण शेवट ठाऊक असूनही बाया उखळापाशीच रडतात. दुसरा आक्षेप जड आहे: देवाच्या नावावर क्रौर्य पवित्र ठरतं. तो मला मान्य आहे, आणि म्हणूनच या कथेचं नवं, कठोर कथन हवं. ग्रिम बंधूंनी आपल्या परीकथांच्या पुढच्या आवृत्त्यांत क्रूर आईची सावत्र आई केली, वाचकाला हायसं वाटावं म्हणून. आपल्या पोथीने तसं केलं नाही. मुसळ सख्ख्या आईच्याच हाती ठेवलं. चिलयाला कुणी विचारलं होतं का, हे आजच्या लेखकाने विचारलं तर त्यात श्रद्धेचा अपमान कसला?