खांब की माणूस: धूसर छायाचित्राचा तात्त्विक विचार

मुद्दाम धूसर ठेवलेल्या छायाचित्रात दृश्याच्या कडा जाणूनबुजून विरघळू दिलेल्या असतात. हात हलल्यामुळे किंवा फोकस चुकल्यामुळे बिघडलेला फोटो पुष्कळदा अगदी तसाच दिसतो. त्यामुळे इथला खरा प्रश्न तंत्रापेक्षा ज्ञानाचा आहे. जे समोर आहे ते जसेच्या तसे टिपणारे साधन अशी कॅमेऱ्याची ख्याती. त्याच साधनाने नेमकेपणा बाजूला ठेवला, तर पाहणाऱ्याच्या हाती काय उरते आणि ते सुंदर का वाटते? भारतीय तर्कशास्त्र आणि रसचर्चा या दोन्हींत या प्रश्नाची उत्तरे सापडतात, आणि ती एकमेकांशी भांडतातही.

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाताना लागणारे खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे गाव या प्रश्नाला फार जवळचे आहे. येथे सुमारे ७९० मीटर उंचीवर मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. गावाजवळचाच कळसा नाला मात्र म्हादई नदीच्या खोऱ्यातला; त्याचे पाणी स्वभावाने गोव्याकडे उतरते. पावसाळ्यात ढग या माथ्यावर अक्षरशः टेकतात आणि कोणते रान कोणत्या उतारावर आहे हे डोळ्यांना ठरवता येत नाही. धुक्यातले जलकण प्रकाशाचे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून धुके पांढरे दिसते. वस्तू जितकी लांब तितका हा विखुरलेला प्रकाश मध्ये अधिक येतो आणि तिचा गडदपणा त्यात बुडत जातो.

छायाचित्रातली धूसरता मात्र एकाच जातीची नसते. धुके दूरच्या वस्तूचा उठाव पुसते, पण जवळच्या फांदीची कड शाबूत ठेवते. फोकसबाहेर गेलेली लेन्स प्रकाशाच्या प्रत्येक बिंदूची चकती करते, त्यामुळे ओल्या पानावरचे थेंब फुगून एकमेकांत मिसळतात. शटर पाव किंवा अर्धा सेकंद उघडे ठेवून कॅमेरा खालून वर फिरवला तर झाडांच्या खोडांच्या उभ्या रेघा होतात. कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर असेल तर खडक जागच्या जागी राहतो आणि ओढ्याचे पाणी दुधासारखे होते. पहिल्या प्रकारात अंतर दिसते, दुसऱ्यात केवळ प्रकाश, आणि शटर उघडे ठेवण्याच्या तिसऱ्यात काळ. अर्ध्या सेकंदात पाणी जिथे जिथे होते ते सगळे एका कागदावर येते, म्हणून या तिसऱ्या प्रकाराला खोटे म्हणणे कठीण आहे. उलट एक हजारांश सेकंदात गोठवलेला थेंब कोणत्याही माणसाच्या डोळ्याने कधी पाहिलेला नसतो.

न्यायदर्शनात संशयाचे ठरलेले उदाहरण आहे ते संधिप्रकाशात दिसणाऱ्या उभ्या आकृतीचे: हा खांब आहे की माणूस? उंची दोघांना समान, वेगळेपणा दाखवणारी खूण दिसत नाही, म्हणून मन दोन टोकांमध्ये झुलत राहते. श्रावणात कणकुंबीच्या रस्त्यावर घोंगड्याची खोळ डोक्यावर घेतलेला माणूस धुक्यात उभा राहिला, तर हे उदाहरण जसेच्या तसे उभे राहते. सांख्यकारिकेच्या सातव्या कारिकेत असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे सांगितली आहेत: फार लांब असणे, फार जवळ असणे, इंद्रियाचा दोष, मनाची अस्थिरता, सूक्ष्मता, मध्ये आडोसा, अधिक तेजस्वी वस्तूने झाकोळणे आणि सारख्यांत मिसळून जाणे. धूसर छायाचित्राचे जवळजवळ संपूर्ण तंत्र या यादीत मावते. न्याय आणि सांख्य या दोन्ही दर्शनांच्या दृष्टीने मात्र ही ज्ञानातली उणीव आहे, आणि पूर्वपक्ष इथेच बळकट होतो: जे चित्र वस्तूचा निश्चय होऊ देत नाही ते ज्ञान देत नाही, आणि ज्ञानातल्या उणिवेला सौंदर्य म्हणणे ही पळवाट आहे.

या आक्षेपाला उत्तर रसचर्चेतल्या श्रीशंकुकाच्या मतातून निघते. अभिनवगुप्ताने नोंदवलेल्या या मतानुसार चित्रातला घोडा पाहताना होणारी प्रतीती सम्यक, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रतीतींहून वेगळी असते. रस अनुमानाने कळतो हा शंकुकाचा पुढचा रसानुमितीचा सिद्धांत अभिनवगुप्ताने खोडून काढला, तरी हे निरीक्षण मोलाचे आहे. रस्त्यावरच्या वाटसरूला आकृतीचा निर्णय लावावाच लागतो, कारण पुढे जायचे की थांबायचे हे त्यावर अवलंबून असते. छायाचित्र पाहणाऱ्याला कुठेच जायचे नसते. निर्णयाची निकड सरली की तोच संशय त्रास देईनासा होतो आणि पाहणे लांबते. भट्टनायकाने मांडलेले आणि अभिनवगुप्ताने आपलेसे केलेले साधारणीकरणही इथे लागू पडते. चेहरा, वय, कपड्यांचा रंग गळाला की उरते ते कुणाचेही पावसातून चालणे. नटाला जे अभिनयाने साधावे लागते त्यातला काही भाग इथे शटर करते. काही भागच, कारण नुसत्या पुसण्याने रस निर्माण होत नाही, आणि अशी निरर्थक पुसट चित्रे ढिगाने निघतात.

छायाचित्रकलेत हा वाद तिच्या तरुणपणीच पेटला. कलकत्त्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती कॅमेरा आला तो वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. फोकस करताना चेहरा सुंदर वाटला की त्या तिथेच थांबत, कड आणखी धारदार करण्याच्या फंदात पडत नसत. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीतल्या जाणकारांनी त्याला अडाणीपणा ठरवले. पी. एच. इमर्सन यांनी १८८९ मध्ये शास्त्राचा आधार दिला: मानवी डोळ्याला मध्यभागीच स्पष्ट दिसते, तेव्हा सर्वत्र धारदार चित्रच निसर्गाला सोडून आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी आपली मांडणी मागे घेतली, पण डोळ्याविषयीचे त्यांचे विधान आजही बरोबर आहे.

कोकण, गोवा आणि घाटमाथ्याच्या या पट्ट्यातल्या भाविकांना अस्पष्ट रूप परके नाही. सातेरी अनेक ठिकाणी वारुळाच्या रूपात पुजली जाते, तर कित्येक ग्रामदेवता तांदळा म्हणून, हातपाय न कोरलेल्या पाषाणात. अशा तांदळ्यावर वर्षानुवर्षे शेंदूर चढत जातो, दगडाचे मूळ कंगोरे बुजत जातात, आणि आकार दर पिढीला थोडा अधिक गोल होतो. कोणी त्याला मूर्तीचे बिघडणे म्हणत नाही. पण त्याच तांदळ्यावर पुष्कळदा चांदीचे डोळे किंवा मुखवटा बसवतात, कारण दर्शन म्हणजे पाहणे तसेच पाहिले जाणेही. सगळे मोघम ठेवले तरी नजर ठरायला एक जागा लागते. चांगल्या धूसर छायाचित्रातही बहुधा अशी एक जागा सापडते: न हललेला खडक, खोळीखालून दिसणारी पावले, खोडांच्या रेघांमधली एक गडद रेघ. हेतू आणि अपघात यांतला फरक छायाचित्रकाराच्या सांगण्यापेक्षा या जागेवरून अधिक विश्वासाने ओळखता येतो.

या सौंदर्याला मर्यादाही आहे, आणि ती वरच्याच युक्तिवादातून निघते. कणकुंबीजवळ कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेत वळवण्याच्या योजनेवरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात अनेक वर्षे तंटा आहे. म्हादई जलविवाद लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिल्यावरही तो शमलेला नाही. कालव्याचे खोदकाम, पाण्याची पातळी, तोडलेले रान यांची छायाचित्रे पुरावा म्हणून मांडली जातात, आणि त्यांवर माणसांचे व रानाचे पाणी ठरते. तिथे पाहणारा पुन्हा वाटसरू होतो. त्याला खांब की माणूस हे कळलेच पाहिजे, आणि कडा धारदारच हव्यात.