औषधाने साधलेला निग्रह

एखादे चांगले कृत्य मनुष्याच्या हातून घडले, म्हणजे ते त्यानेच केले असे आपण गृहीत धरतो व त्याचे श्रेय निःशंकपणे त्याच्या पदरात टाकतो. परंतु त्या कृत्यास बाहेरून काही साहाय्य मिळाले असेल, आणि ते साहाय्य उपदेशाचे वा सत्संगतीचे नसून औषधाचे असेल, तर आपले मन लगेच घोटाळते. धूम्रपानाच्या त्यागासंबंधाने हा घोटाळा अलीकडे वारंवार दृष्टीस पडतो. विडी-सिगारेटीची तलफ मंद करणारी औषधे आता डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळतात. मग ज्याने असे औषध घेऊन विडी टाकली, त्याने ती टाकली असे म्हणावे, की औषधाने त्याच्याकडून ती टाकवली असे म्हणावे? हा प्रश्न केवळ तार्किकांच्या करमणुकीचा असता, तर त्यासाठी आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु त्याच्या चुकीच्या उत्तरापायी माणसे औषध नाकारतात, आणि ज्या व्यसनातून सुटणे शक्य होते त्यातच आयुष्य काढतात. म्हणून तो नीट तपासून पाहणे इष्ट आहे.

निगडी येथे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात तीस वर्षे यंत्रावर काम करून ते निवृत्त झाले. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून धरलेली सिगारेट पाळी संपली तरी राहिली. चार वेळा त्यांनी ती सोडली. तुकोबांची पालखी देहूहून निघून निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामास जाते. एका वर्षी त्या रस्त्याच्या कडेस उभे राहून त्यांनी शपथ घेतली, ती पालखी पंढरपुरास पोहोचण्यापूर्वीच मोडली. अखेर डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा ती चिठ्ठी घडी करून त्यांनी खिशात ठेवली ती ठेवलीच. ‘गोळी घेऊन सोडली, तर त्यात मी काय सोडली?’ असा त्यांचा सवाल. त्यांच्या पत्नीचे म्हणणे याच्या अगदी उलट: ‘अहो, सुटल्याशी कारण, मग ती कशाने का सुटेना.’

या दोन वाक्यांत सर्व वाद सामावला आहे. मराठीत विडी ‘सोडली’ असेही म्हणतात आणि विडी ‘सुटली’ असेही म्हणतात. पहिल्या क्रियापदात कर्ता उभा आहे. दुसऱ्यात तो नाहीसा होऊन नुसती घटना उरली आहे. पतीस कर्तेपण हवे आहे, पत्नीस घटना हवी आहे. पत्नीच्या बाजूने व्यवहार आहे हे उघडच आहे. परंतु पतीच्या बाजूने जे आहे तो केवळ हट्ट म्हणून टाकून देण्याजोगा नाही. मनुष्याचे आपल्या जीवनावर काही स्वामित्व आहे, अशी त्याची श्रद्धा असते. आणि तीस धक्का लागत असेल, तर त्याने बिचकणे स्वाभाविक आहे.

प्रथम हे औषध करते काय ते पाहू. तंबाखूचा आणि आपल्या प्रांताचा संबंध जुना आहे. पोर्तुगीजांनी आणलेली ही वनस्पती सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात इतकी रुळली होती, की अकबराचा सेवक असद बेग याने ती तेथूनच बादशहाच्या दरबारी नेली. त्या वेळी तेथील हकिमांत तिच्या इष्टानिष्टतेबद्दल वाद झाला, आणि १६१७ साली जहांगिराने तिच्यावर बंदीही घातली. ती बंदी टिकली नाही, याचे कारण तंबाखूतील निकोटीन. धूर छातीत गेल्यापासून काही सेकंदांत हे द्रव्य मेंदूस पोहोचते, तेथील विशिष्ट ग्राहकांवर बसते आणि सुखाची एक लहर उत्पन्न करते. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते. म्हणून रात्रभराच्या उपवासानंतर सकाळची पहिली विडी सर्वांत प्रिय वाटते. नित्य सेवनाने मेंदूची घडणच अशी होते, की निकोटीन असणे ही सामान्य स्थिती व नसणे ही पीडा ठरते. विडी ओढणारा पुढे पुढे सुखासाठी ओढीत नाही. पीडा टाळण्यासाठी ओढतो.

वारेनिक्लिन नावाचे औषध, ज्यास अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली, त्याच ग्राहकांवर जाऊन बसते, पण त्यांस पुरते चेतवीत नाही. कुलपात शिरून अर्धीच फिरणारी किल्ली असावी, तसे त्याचे कार्य आहे. अर्धी फिरते म्हणून तलफेची पीडा कमी होते, आणि जागा अडवून बसते म्हणून वरून विडी ओढली तरी पूर्वीचा आनंद मिळत नाही. युरोपातील लॅबर्नम झाडाच्या बियांतील सायटिसीन या द्रव्याच्या अभ्यासातून ते निघाले. ब्युप्रोपियन हे दुसरे औषध मुळात विषण्णतेच्या विकारावरचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या दोहोंचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

आता त्यांचे फळ किती, तेही पाहावे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात आठ हजारांहून अधिक धूम्रपान करणारे होते. नवव्या आठवड्यापासून चोविसाव्यापर्यंत ज्यांनी अखंड त्याग पाळला, अशांचे प्रमाण वारेनिक्लिन घेणाऱ्यांत शेकडा २१.८ होते, ब्युप्रोपियन घेणाऱ्यांत १६.२, निकोटीनची पट्टी लावणाऱ्यांत १५.७, आणि औषध म्हणून नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांत ९.४.

या आकड्यांचा अर्थ दोन्ही पक्षांनी शांतपणे लावावा. गोळीच जर विडी सोडवीत असती, तर ती घेणाऱ्या शंभरांपैकी अठ्ठ्याहत्तरांनी विडी पुन्हा का धरली असती? उलट मनोबल हेच सर्वस्व असते, तर खरी गोळी आणि पोकळ गोळी यांच्या फळांत दुपटीहून अधिक अंतर का पडले असते? दोन्ही गटांत माणसे सारख्याच तऱ्हेची होती आणि त्यांचे निश्चयही सारखेच खरे होते. एका गटातील दहा-बारा अधिक माणसांचे निश्चय फळास आले व दुसऱ्यातील तितक्यांचे आले नाहीत, एवढाच भेद. ज्यांचे फळास आले नाहीत ती माणसे काही हलक्या शीलाची नव्हती. ज्यास आपण शीलाचा पराभव म्हणून हिणवतो, त्यात शरीराच्या ओझ्याचा भाग केवढा असतो, हे यावरून ध्यानी यावे.

तथापि कडक पक्षाचा खरा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे न्याय्य होईल. तो म्हणेल: वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो व तिच्या आधाराने मद्यमांसापासून दूर राहतो, माळ हेही बाह्य साहाय्यच आहे. परंतु माळ त्यास त्याच्या व्रताचे स्मरण देते, त्याच्या विवेकाशी व लज्जेशी बोलते. गोळी कोणाशीच बोलत नाही. ती विवेकास न विचारता त्याच्या पाठीमागे जाऊन वासनेचा आवाज बसवते. शत्रू गुंगीत असता मिळालेला जय हा जय कसला?

आक्षेप वजनदार आहे. पण त्याच्या मुळाशी एक समजूत आहे, ती अशी की निग्रहाचे मोल त्यात सोसलेल्या क्लेशावर ठरते. ही समजूत आम्हास मान्य नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागात दोन पुरुषांत भेद केला आहे. एक वासनेशी झगडून तीस आवरणारा, आणि दुसरा ज्याची वासनाच विवेकास अनुकूल झाली आहे असा. त्याने श्रेष्ठ ठरविला तो दुसरा. गीतेतही विषय सुटले तरी त्यांची गोडी मागे राहते, हे अपूर्णतेचे लक्षण मानले आहे. म्हणजे पूर्व आणि पश्चिम या दोन्ही परंपरांत झगडा ही वाट आहे; मुक्काम नव्हे. मग कोणाच्या वाटेवरील काही धोंडे वैद्याने दूर केले, तर त्या माणसाचे मुक्कामावर पोहोचणे खोटे कसे ठरेल?

येथे कोणी म्हणेल की गोडी जाते ती थोर दर्शनाने, गोळीने नव्हे. हे खरे आहे, व गोळीचा दावाही तसा नाही. तिचा नेम साधारण बारा आठवड्यांचा. आधी त्यागाचा दिवस मुक्रर करावयाचा, त्यापूर्वी सुमारे आठवडाभर गोळी सुरू करावयाची, आणि मग मळमळ, विचित्र स्वप्ने इत्यादी उपद्रव झाले तरी बहुधा ती चालू ठेवावयाची. बारा आठवड्यांनंतर गोळी नाही; पण टपरी आहे, मित्र आहेत, जेवणानंतरची ती घटका आहे. त्या दिवसापासून जे राहते ते सर्वस्वी माणसाचे स्वतःचे असते. गोळीने त्यास जय दिला नाही. जयाची सवय लावून घेण्यास शांत असा काळ दिला.

आपल्या पूर्वजांस औषध आणि तप यांत असा विरोध दिसला नव्हता. पतंजलीने योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या आरंभी सिद्धीची जी कारणे सांगितली, त्यांत तप व समाधी यांच्या पंक्तीस औषधीही बसविली आहे. चरकाने धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशास रोगाचे मूळ म्हटले. म्हणजे अहितापासून मनास आवरणारी जी धृती, तीही त्याच्या मते वैद्याच्या विचारकक्षेबाहेर नाही. अंगवळणी पडलेले अहित एकदम न टाकता अंशाअंशाने सोडावे, असा व्यवहारी सल्लाही त्यानेच दिला आहे.

दुसऱ्या टोकाचा पक्ष मात्र आम्हास तितकाच अग्राह्य वाटतो. तो म्हणतो, व्यसन हा इतर रोगांसारखा एक रोग. त्यात नीतीचा प्रश्न कशाला आणता? निगडीपासून जवळच, पिंपरीस, १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, आणि त्यातून निघणाऱ्या पेनिसिलिनने देशातील असंख्य माणसे वाचली. पेनिसिलिनने फुप्फुसदाह बरा झालेल्यास ‘तू बरा झालास की औषधाने केले?’ असे कोणी विचारीत नाही. परंतु तो रोगी नुसता पडून राहिला तरी पेनिसिलिन आपले काम करते. तंबाखूवरील गोळीचे तसे नाही. ती घेऊन जो नुसता पडून राहील, त्याचा हात सवयीने पाकिटाकडे जाईलच. म्हणून व्यसनास केवळ रोग म्हणणे हे वरवर दयेचे दिसले, तरी त्यात माणसाचे कर्तेपण हिरावले जाते. आणि केवळ पाप म्हणणे हे वरवर कर्तेपणाचा गौरव करणारे दिसले, तरी त्यात माणसास एकटे टाकले जाते.

मग इच्छाशक्ती राहते तरी कोठे? आमच्या मते ती तलफेच्या क्षणी मुठी आवळण्यात राहते त्याहून अधिक, शांत घटकेस दुर्बल घटकेची तजवीज करण्यात राहते. आपण मोहास बळी पडतो हे ओळखणे, ते दुसऱ्यापाशी बोलून दाखविणे, दिवस ठरविणे, घरातील पाकिटे फेकून देणे आणि गोळी वेळेवर घेणे, ही सर्व इच्छाशक्तीचीच कामे होत. ज्यास साहाय्याचा कमीपणा वाटतो, त्याने आपल्या मानीपणाची एकवार झडती घ्यावी. तलफ ही मोठी तार्किक आहे; तिला उद्याचा मुहूर्त सुचतो, अखेरची एक सुचते, आणि या सर्व युक्त्या संपल्या म्हणजे स्वावलंबनाचे तत्त्वही सुचते. शिवाय दोन खोल्यांच्या घरात जो धूर सोडतो, त्याचा धूर एकट्याच्या छातीत जात नाही. जेथे बायकामुलांच्या श्वासाचा प्रश्न आहे, तेथे आपल्या पुरुषार्थाचा हिशेब मांडीत बसणे हा नीतीच्या वेषातील स्वार्थ होय.

औषधाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. ब्युप्रोपियन फेपरे येणाऱ्यांस वर्ज्य आहे, आणि वारेनिक्लिनवर मनोविकारांसंबंधी २००९ साली अमेरिकेत घातलेला ठळक इशारा २०१६ साली काढण्यात आला असला, तरी मनाची स्थिती वैद्यापासून लपवू नये. याहून मोठी मर्यादा सामाजिक आहे. २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात प्रौढांपैकी शेकडा ३.८ धूम्रपान करीत होते, पण खाण्याची वा दातांस लावण्याची तंबाखू वापरणारे २४.४ होते. चिठ्ठीवरील औषधांचा विचार आजवर झाला तो मुख्यतः धूर ओढणाऱ्यांसाठी. मिश्री लावणाऱ्या बाईकडे कोणी तितक्या आस्थेने पाहिलेले नाही. आणि ज्या रात्रपाळीने सिगारेट हाती दिली, ती तशीच ठेवून केवळ गोळी पुढे करणारा समाज आपले ओझे एकट्या माणसाच्या डोक्यावर ठेवतो.

एवढे सर्व ध्यानात घेऊनही, खिशातील चिठ्ठी औषधाच्या दुकानात न्यावी की न न्यावी, असे कोणी आम्हास विचारील तर आम्ही निःसंकोचपणे न्यावी असेच सांगू. सोडणे आणि सुटणे यांच्या जोडीस मराठीत तिसरेही क्रियापद आहे: धरणे. औषधाने विडी सुटत असेल तर सुटो, आणि तेवढ्यापुरते श्रेय औषधास मिळो. सुटलेली पुन्हा न धरणे हे मात्र कोणत्याही गोळीने होत नाही. ते रोज करावे लागते, ते कोणास दिसत नाही, आणि त्याचा कर्ता कोण याविषयी शंका घेण्यास जागाच राहत नाही.