राखीव बळ कोणाचें ?

शहाणा कारागीर कोणतीहि वस्तु घडवितांना तिच्यांत लागेल त्याहून कांहीं अधिक बळ घालून ठेवतो. पुलाची तुळई, विहिरीचा दोर, पाळण्याची कडी यांवर रोज जो भार पडतो त्याच्या कितीतरी पट भार सोसण्याची त्यांची तयारी असते; आणि ती तयारी रोज उपयोगांत येत नाहीं, म्हणूनच आपण पुलावरून निश्चिंत जातों व मूल पाळण्यांत ठेवून दुसऱ्या कामास लागतों. आतां हें जें न वापरलेलें बळ, तें कोणाच्या मालकीचें ? ज्यानें वस्तु विकत घेतली त्यानें तें सगळें काढून वापरलें तर त्यानें आपलेंच वापरलें, कीं दुसऱ्या कोणाचें ? प्रश्न ऐकतांना जरा हवेंतला वाटतो. परंतु जगांत असे हजारों लोक आहेत कीं, ज्यांना तो सुट्टीच्या दिवशीं हातांत पाना घेऊन सोडवावा लागतो. जुन्या वेगवान मोटारींचें बळ वाढविण्याचा ज्यांना नाद आहे, त्यांच्याविषयीं मी बोलत आहें. हा नाद पोरकट म्हणून सोडून देण्याची आपल्याकडील सुशिक्षितांची रीत आहे. पण मला त्यांत नीतिशास्त्राच्या कित्येक ग्रंथांपेक्षां अधिक विचार करण्यासारखें दिसतें.

उदाहरण एकच घेऊं, पण तें नीट घेऊं. जपानांतील निसान कंपनीनें १९८९ च्या ऑगस्टांत ‘स्कायलाइन जीटी-आर’ ही गाडी विक्रीस काढली. शौकीन मंडळी तिला ‘आर-३२’ या नांवानें ओळखतात. तिचा जन्म मुळीं शर्यतीसाठीं. त्या काळच्या ‘ग्रुप ए’ नांवाच्या शर्यतींत असा नियम होता कीं, टर्बोचार्जर लावलेल्या इंजिनाचें आकारमान १.७ नें गुणावें व मग त्याचा वर्ग ठरवावा. निसानच्या इंजिनाचें आकारमान २,५६८ घनसेंटिमीटर. गुणाकार ४,३६६ च्या जवळ येतो, म्हणजे ४,५०० च्या वर्गांत तें बरोबर बसतें. शिंप्यानें माप घेऊन अंगरखा बेतावा तसें हें इंजिन नियमावर बेतलेलें. या गाडीनें १९९० ते १९९३ या चार वर्षांत जपानच्या टूरिंग मोटारींच्या अजिंक्यपदाच्या २९ शर्यतींपैकीं २९ हि जिंकल्या. शर्यतीच्या गाडींत हेंच इंजिन पांचशेंहून अधिक अश्वशक्ति देत असे. दुकानांत विकत मिळणाऱ्या गाडीच्या कागदावर मात्र आंकडा होता २८०.

हा २८० चा आंकडा लोखंडांतून आलेला नाहीं; तो माणसांच्या बैठकींतून आलेला आहे. जपानांत १९८८ सालीं रस्त्यांवरील अपघातांत मरणारांची संख्या पुष्कळ वर्षांनीं पुन्हा दहा हजारांवर गेली होती. लोकांत चिंता पसरली. आणि तेथील कारखानदारांनीं आपसांत ठरविलें कीं, २८० हून अधिक अश्वशक्तीची गाडी कोणीहि देशांत विकावयाची नाहीं. त्यास कायदा नव्हता, दंड नव्हता. सभ्य गृहस्थांनीं एकमेकांस दिलेला तो केवळ शब्द होता. पुढें २००४ सालीं होंडा कंपनीनें ३०० अश्वशक्तीची गाडी काढली, तेव्हां तो सुटला. तोंवर तो पाळला गेला, म्हणजे निदान कागदावर तरी पाळला गेला. कारण कित्येक गाड्यांचें खरें बळ छापील आंकड्याहून अधिक असे, हें जाणत्यांस चांगलें ठाऊक होतें. सभ्य गृहस्थांचे शब्द पुष्कळदां असेच पाळले जातात.

टर्बोचार्जर म्हणजे काय हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. इंजिनांत जळून बाहेर पडणारा तप्त वायु एरव्हीं नळीवाटे फुकट जातो. आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस अभियंत्यानें १९०५ मध्यें ज्या युक्तीचें पेटंट घेतलें, तिचें सार असें कीं, या वायूच्या वाटेंत पंख्यासारखें एक चक्र ठेवावें. तें फिरूं लागलें म्हणजे त्याच दांड्यावरचें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतें. हवा अधिक आली कीं इंधन अधिक जाळतां येतें, आणि बळ वाढतें. हीं चक्रें मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतात. जीटी-आरला अशीं दोन यंत्रें आहेत, आणि त्यांतील तप्त वायूच्या बाजूचीं चक्रें धातूचीं नसून सिरॅमिकचीं आहेत. म्हणजे आपल्या कपबशांच्या दूरच्या, पण फार कठीण अशा नातलगाचीं. चक्र हलकें असलें कीं लवकर गति घेतें, आणि पाय दाबतांच गाडी उसळते. कारखान्यानें नेमून दिलेल्या दाबापुरतें हें सारें उत्तम चालतें.

हा दाब कह्यांत ठेवण्यासाठीं एका लहानशा नळींत बारीक छिद्राचा अडसर बसविलेला आहे. तो काढून टाकला कीं दाब वाढतो. काम कांहीं मिनिटांचें, आणि खर्च दमडीचा नाहीं. ज्याला हें प्रथम कळतें त्याच्या मनांत काय येत असेल याची कल्पना कोणासहि करतां येईल. तो म्हणतो, ‘इंजिन पांचशेंसाठीं घडविलें आणि २८० वर बांधून विकलें; मी त्याच्या बेड्या काढतों. कारखानदारांनीं शब्द दिला तो एकमेकांस. मीं तो कोणासहि दिलेला नाहीं.’ हा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. दुसऱ्याचा शब्द मला बांधीत नाहीं, हें खरेंच आहे. परंतु तो शब्द ज्या कारणासाठीं दिला गेला तें कारण, म्हणजे रस्त्यानें पायीं जाणारा मनुष्य, हें बैठकींत बसलेल्या कोणाच्याहि मालकीचें नव्हतें; आणि शब्द सुटला म्हणून तो मनुष्य रस्त्यावरून नाहींसा झाला नाहीं.

शिवाय सगळ्याच मर्यादा बैठकींत ठरत नाहींत. दाब फार वाढविला, वायूची उष्णता वाढली, कीं तें सिरॅमिकचें चक्र एखादे दिवशीं दांड्यापासून तुटून त्याचे तुकडे होतात. लोखंड वांकतें, कुरकुरतें, कांहीं तरी सूचना देतें. सिरॅमिक शेवटपर्यंत निमूट सोसतें आणि मग एकदम फुटतें. (माणसांतहि हे दोन स्वभाव आहेत, आणि दुसऱ्या स्वभावाच्या माणसावर आपण नेहमीं अधिक भार टाकतों.) कारखान्यास हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्यानें १९९० मध्यें शर्यतीसाठीं म्हणून या गाडीची जी ५६० नगांची खास आवृत्ति काढली, तींत सिरॅमिकऐवजीं धातूचीं चक्रें घातलीं होतीं. म्हणजे एक मर्यादा कराराची, आणि दुसरी पदार्थाची. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हींचें रूप ‘याच्यापुढें जाऊं नये’ असेंच आहे. पहिली ओलांडणारास वाटूं लागतें कीं, दुसरीहि तसलीच असणार. या नादांत जीं इंजिनें फुकट गेलीं, त्यांतील पुष्कळांचें मूळ या एका गैरसमजांत आहे.

बरें, चक्रें धातूचीं बसविलीं, यंत्र मोठें घेतलें, तर प्रश्न मिटला काय ? येथेंच तर तो सुरू होतो. हवा वाढली, तर तिच्या प्रमाणांत इंधन सोडणारे इंजेक्टर व पंप मोठे हवेत. इंधन कमी पडलें तर मिश्रण वेळेपूर्वींच आपोआप पेटतें आणि पिस्टनच्या माथ्यावर हातोडीसारखे घाव बसून तो फुटतो. येणारी हवा मोजणारीं दोन मापकें आपल्या मापाच्या शेवटाशीं पोंचलीं कीं पुढची हवा त्यांना दिसतच नाहीं, आणि गाडीचा संगणक आंधळ्यासारखा इंधन सोडूं लागतो. म्हणून तीं बदला, संगणकाचें गणितहि नव्यानें मांडा. इंजिनाच्या डोक्याखालचें गॅस्केट वाढलेला दाब धरीत नाहीं. क्लच घसरतो. आणि सगळ्यांत लक्षांत ठेवण्यासारखा तो तेलाचा पंप. पहिल्या पहिल्या आर-३२ मध्यें मुख्य दांड्याचा जो भाग हा पंप फिरवितो, तो फार अरुंद आहे. इंजिन वरच्या गतींत वारंवार ताणलें कीं पंपाचें दांतेरी चक्र तडकतें, तेल थांबतें, आणि मग पुढचें सगळें कांहीं क्षणांत आटोपतें. त्यावर उपाय आहे. दांड्यावर रुंद कडें चढवितात. पण तेवढ्यासाठीं सारें इंजिन उतरवून उघडावें लागतें, आणि एवढा खर्च करून गाडीचा वेग तिळभरहि वाढत नाहीं. कोणी मित्र येऊन वाखाणील असें कांहीं दिसतहि नाहीं.

या कामांत मुरलेले लोक सांगतात कीं, आधीं सोसणारे भाग घ्यावे व जोर करणारा भाग सर्वांमागून. नवशिका मात्र झगझगीत टर्बो आधीं आणतो आणि बाकीचें ‘पुढें पाहूं’ म्हणतो. आपल्या कुटुंबांतून हा प्रकार कोणीं पाहिला नाहीं ? घरांतील एकाची महत्त्वाकांक्षा वाढते, त्याचें नांव होतें. आणि त्या नांवाचा भार पाठच्या भावाच्या शिक्षणावर, आईच्या डोळ्यांवर, बायकोच्या झोंपेवर पडतो. त्यांना कोणीं विचारलेलें नसतें. तेलाच्या पंपासहि कोणी विचारीत नाहीं.

तेव्हां मला असें वाटतें कीं, वस्तूचें बळ वाढविण्यांत पाप नाहीं; पण जो तें वाढवितो तो त्या क्षणीं करणाऱ्याच्या आसनावर जाऊन बसतो. कारखान्यांत शेंकडों माणसांनीं मिळून घेतलेला निर्णय त्यानें एकट्यानें फिरविला, तर त्या शेंकडों माणसांची काळजीहि त्या एकट्यास वाहिली पाहिजे. ब्रेक पुरतील काय, रस्त्याच्या वळणावर चाकें धरतील काय, हें सगळें आतां त्याच्या शिरावर. बळ आपलें आणि जबाबदारी निसानची, ही वांटणी न्यायाची नव्हे. आपल्या देशाच्या कायद्यानें हें आसन मालकास जवळ जवळ बंदच केलें आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाप्रमाणें कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत तेंच ठासून सांगितलें. आपल्या रस्त्यांकडे पाहतां हा नियम सुरक्षिततेचा आहे, यांत वाद नाहीं. तथापि जबाबदारी शिकविण्याची एक शाळा त्यानें बंद केली, याचें मला थोडें वाईट वाटतें.

इतके भाग बदलल्यावर ती गाडी तीच राहिली काय, असाहि प्रश्न कोणी विचारील. फळ्या बदललेल्या जहाजाविषयीं ग्रीकांनीं तो विचारून ठेवलाच आहे, आणि त्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मला तो येथें तितकासा महत्त्वाचा वाटत नाहीं. खुद्द निसाननेंच २०१७ पासून या जुन्या गाडीचे कांहीं भाग पुन्हा नव्यानें काढले आहेत. तेव्हां नवा भाग आला म्हणून वस्तु बाटली, असें तिच्या जन्मदात्यासहि वाटत नसावें.

खरी अडचण निराळीच आहे. अमेरिकेंत पंचवीस वर्षें पुरीं झालेली परदेशी गाडी आणतां येते. त्या नियमानें २०१४ पासून आर-३२ ला तेथें वाट मोकळी झाली, आणि तिची मागणी व किंमत चढत गेली. अशा बाजारांत मूळ स्वरूपांत असलेल्या गाडीस मोल अधिक. मग मालक काय करतो ? दहा वर्षें वाढविलेल्या दाबावर गाडी पळविल्यावर मोठा टर्बो उतरवितो, जुनें यंत्र पुन्हा चढवितो, नळींतला तो बारीक अडसरहि जपून ठेवलेला असतो तो परत बसवितो, आणि गाडी ‘जशी आली तशी’ म्हणून विकतो. त्याच्या बोलण्यांत शब्दशः खोटें असें कांहीं नाहीं. पण धातु थकतो, आणि त्याचा थकवा विश्रांतीनें जात नाहीं. पिस्टनांनीं व दांड्यांनीं जें सोसलें तें त्यांच्या पोटांत तसेंच राहतें, आणि वरून पुसलेल्या गाडीवर त्याची खूण उमटत नाहीं. घेणाऱ्याला वाटतें, आपण राखीव बळासकट वस्तु घेतली. वस्तुतः तें बळ पूर्वींच कोणीतरी खर्चून गेलेला असतो. म्हणजे हें बळ घडविणाऱ्याचेंहि नव्हतें आणि आजच्या मालकाचेंहि पुरतें नव्हतें. त्यांतील कांहीं भाग अजून न आलेल्या मनुष्याच्या नांवें ठेवलेला होता. आजच्या मालकानें तो खर्चावा, मला हरकत नाहीं. मात्र खर्चल्याचें त्यानें लिहून ठेवावें.

असे लिहून ठेवणारे मालकहि असतात. त्यांची एक वही असते. तींत कोणत्या महिन्यांत कोणता भाग घातला, दाब किती ठेवला, तेल केव्हां बदललें, इंजिन उघडलें तेव्हां आंत काय दिसलें, हें सगळें असतें. विकतांना ती वही ते गाडीबरोबर देतात. घेणारा पानें उलटतो, दाबाचा आंकडा पाहतो, कपाळास आंठ्या घालतो आणि किंमत उतरवून मागतो. शेजारीं दुसरी गाडी उभी असते. तिची वही नसते, इंजिन धुऊन लखलखीत केलेलें असतें, आणि कागदावर २८० असतें. तिच्याभोंवतीं गर्दी अधिक असते.