पापनिवेदनाचा नेम आणि ऊसतोडीचे वर्ष

कॅथलिक ख्रिस्तसभा ज्या सात संस्कारांना ख्रिस्ताच्या कृपेची दृश्य साधने मानते, त्यांपैकी प्रायश्चित्त संस्कार हा बाप्तिस्म्यानंतर पापात पडलेल्या माणसाला देवाशी आणि श्रद्धावंतांच्या समाजाशी पुन्हा जोडणारा संस्कार आहे. त्याची चार अंगे सांगितली जातात: केलेल्या पापाबद्दल मनापासून वाटणारा अनुताप, धर्मगुरूजवळ त्या पापाचा स्पष्ट उच्चार, म्हणजे पापनिवेदन, धर्मगुरूने ख्रिस्ताच्या अधिकाराने दिलेली पापक्षमा, आणि झालेल्या हानीची शक्य तितकी भरपाई करण्याच्या निश्चयाने स्वीकारलेले प्रायश्चित्त. हा संस्कार नाताळ-ईस्टरच्या तयारीतील एक विधी म्हणून उरकायचा, की श्रद्धाजीवनाचा नेम म्हणून वर्षभर जपायचा, हा प्रश्न सर्वच कॅथलिकांपुढे आहे. परंतु बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे जगण्याचे वर्ष आणि उपासनेचे वर्ष एकमेकांशी जुळत नाही, तिथे तो अधिक निकडीचा ठरतो.

वर्षातून एकदा पापनिवेदन करण्याचा नियम १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन महासभेने घातला. १५५१ साली ट्रेंट महासभेने या संस्काराची शिकवण सविस्तर मांडली आणि १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील कलम ९८९ ने गंभीर पापांपुरते हे वार्षिक बंधन आजही कायम ठेवले आहे. गंभीर पाप म्हणजे महत्त्वाच्या बाबतीत, पूर्ण जाणिवेने आणि स्वेच्छेने केलेला देवाज्ञेचा भंग. ज्यात यांपैकी एखादी गोष्ट अपुरी असते, किंवा मूळ बाबच लहान असते, ते लघुपाप. कलम ९८८ मात्र लघुपापांचेही निवेदन करावे अशी शिफारस करते. यावरून उघड होते की वार्षिक नियम ही कर्तव्याची खालची मर्यादा आहे. ज्यांनी तिलाच संपूर्ण कर्तव्य मानले, त्यांनी नियम पाळला, पण ज्यासाठी तो घातला गेला तो हेतू अर्ध्यावर सोडला.

मराठवाड्यातील कॅथलिक परंपरेला हा व्यापक हेतू मुळात परका नाही. या भागात श्रद्धेचे बीज रोवण्यात संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या मिशनरी संघाचा मोठा वाटा आहे. १८३८ साली आजच्या फ्रान्सच्या भूभागात स्थापन झालेल्या या संघाच्या धर्मगुरूंनी नागपूरकडून पश्चिमेकडे येत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील घोगरगाव परिसरात कार्य उभे केले, आणि १९७७ साली अमरावतीपासून वेगळा करून स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात बीड जिल्हा समाविष्ट आहे. ज्या संताचे नाव या संघाने धारण केले, त्याने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनावरील आपल्या ग्रंथात संसारी स्त्रीपुरुषांनाच दर आठवड्याला पापनिवेदन करण्याचा सल्ला दिला होता. हा सल्ला मठवासीयांसाठी नव्हता. घर, व्यवसाय आणि नात्यागोत्यांच्या धकाधकीत राहणाऱ्यांसाठी होता, आणि म्हणूनच मराठवाड्यातील कष्टकरी कुटुंबालाही तो लागू पडतो.

बीडचे वर्ष मात्र चर्चच्या दिनदर्शिकेप्रमाणे फिरत नाही. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतून दरवर्षी असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, दसरा-दिवाळीनंतर गाव सोडून सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर आणि कर्नाटकातील बेळगाव परिसरातील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात व गळीत हंगाम संपताना, साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये, परततात. नाताळपूर्वीचा आगमनकाळ नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात असतो. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी, म्हणजे ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान, सुरू होतो. धर्मग्रामांत, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील श्रद्धावंतांच्या समाजात, पापनिवेदनाची विशेष सोय याच दोन काळांत केली जाते, आणि नेमक्या याच काळात ऊसतोडीला गेलेले कॅथलिक कुटुंब आपल्या धर्मग्रामापासून दूर, फडाजवळच्या कोपीत असते. ज्याचा नेम फक्त सणाला बांधलेला आहे, त्याचा नेम हंगामाबरोबरच तुटतो.

नियमितपणाचे मोल समजण्यासाठी पाप मनात कसे मुरते हे पाहावे लागते. तण कोवळे असताना खुरपले तर पिकाला धक्का लागत नाही, पण वर्षभर राखले तर मुळे एकमेकांत गुंततात. पापाचेही तसेच आहे. पोप बारावे पायस यांनी १९४३ सालच्या विश्वपत्रात वारंवार केलेल्या पापनिवेदनाचे जे लाभ सांगितले, त्यांत आत्मज्ञानाची वाढ, नम्रता, वाईट सवयींची दुरुस्ती आणि इच्छाशक्तीचे बळ यांचा समावेश आहे. वर्षभराच्या पापांची एकदम आठवण करणारा माणूस ठळक चुका सांगतो. दर महिन्याला विवेकपरीक्षण, म्हणजे आपल्या कृतींचा व हेतूंचा देवासमोर शांतपणे घेतलेला आढावा, करणाऱ्याला त्या चुकांच्या मागचा स्वभाव दिसू लागतो. रागाने उचललेला हात, दारूवर गेलेली मजुरी, टोळीतल्या सोबत्याच्या हिशेबात केलेली लबाडी, विशिष्ट जातीच्या शेजाऱ्याला दारातच थांबवणे, ही पापे एकेकटी किरकोळ म्हणून सोडली जातात आणि हळूहळू घराची रीत बनतात.

अशा घराघरांतल्या रीतींतूनच समाजाचे पाप उभे राहते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ च्या आपल्या उपदेशपत्रात सामाजिक पापाला अनेक वैयक्तिक पापांचा संचय म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली आढळल्या, आणि हे प्रमाण महाराष्ट्रात सर्वांत कमी होते. हा आकडा कोणा एका समाजाचा नाही, पण त्या समाजरचनेत राहणारा कोणीही कॅथलिक आपण तिच्यापासून अलिप्त आहोत असे गृहीत धरू शकत नाही. मुलगी नको म्हणून दिलेली मूक संमती, हुंड्याची मागणी, सुनेवरचा दबाव, यांचे निवेदन होत नाही तोवर पश्चात्ताप अपुरा राहतो. दुसरीकडे, २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी गर्भपाताच्या पापातून मुक्त करण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमस्वरूपी दिला. म्हणजे सर्वांत जड ओझे घेऊन येणाऱ्या स्त्रीलाही, आणि तिच्यावर ते लादणाऱ्यालाही, जवळच्याच धर्मगुरूजवळ क्षमेचे दार उघडे आहे.

देवाशी थेट बोलता येत असताना माणसाजवळ का सांगावे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात आहे, जिथे पुनरुत्थित ख्रिस्त पापक्षमेचा अधिकार प्रेषितांना देतो. शिवाय ज्याला स्वतःचे पाप शब्दांत मांडावेच लागत नाही, त्याला ते सौम्य करून सांगण्याची सवय लवकर लागते. दुसरी भीती लोकलज्जेची असते, आणि जिथे सगळे एकमेकांना ओळखतात अशा लहान समाजात ती खरी असते. म्हणूनच कलम ९८३ ने निवेदनातील गुप्ततेचा भंग कोणत्याही कारणासाठी निषिद्ध ठरवला आहे, आणि कलम ९९१ ने श्रद्धावंताला आपल्या पसंतीच्या, अधिकारप्राप्त धर्मगुरूकडे जाण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला कारखान्याच्या परिसरातील कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये तितक्याच अधिकाराने हा संस्कार घेता येतो.

यातून बीडसाठी एक व्यवहार्य नेम निघतो: गावात असताना दर महिन्याला, ऊसतोडीला निघण्यापूर्वी, हंगामात जवळच्या चर्चमध्ये जमेल तेव्हा, आणि परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पापनिवेदन करावे. मात्र हा भार केवळ श्रद्धावंतांवर टाकणे न्याय्य नाही, कारण कलम ९८६ लोकांना सोयीच्या वेळी पापनिवेदन ऐकण्याचे कर्तव्य धर्मगुरूंवर घालते. टोळ्या निघण्याआधी आणि परतल्यावर अशी वेळ जाहीर करणे हे त्या कर्तव्याचेच पालन होय. वर्षातून एकदा क्षमा मागणारा माणूस नियमभंगाच्या दोषातून सुटतो. जो वारंवार क्षमा मागतो, तो ज्याचे नुकसान केले त्याला परत काय द्यायचे हेही हळूहळू शिकतो, आणि त्या शिकण्यावरच त्याचे घर, टोळी आणि गाव बदलण्याची आशा उभी आहे.